पहिली ॲडव्हेंचर मोटरसायकल : कर्जाने नवी की रोखीने वापरलेली?

प्रश्न : मी २७ वर्षांची असून हिंजवडीत नोकरी करते आणि एरंडवण्यात भाड्याने राहते. दरमहा ४६,००० रुपये हातात येतात, घरभाडे व गावी पाठवायच्या पैशांसह ३४,००० खर्च होतात आणि बँकेत २,४०,००० रुपये आहेत. आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. रविवारी राजगड, तोरणा, ताम्हिणीकडे जाता यावे म्हणून सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्यावी असे वाटते. ऑन रोड किंमत २,४०,००० सांगितली आहे. ६०,००० आधी भरून उरलेली रक्कम ९ टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांत फेडायची. दुसरीकडे एक सहकारी तीन वर्षे वापरलेली हीरो एक्सपल्स २०० ४व्ही १,१०,००० रुपयांना देत आहे. माझी उंची ५ फूट ४ इंच आहे. काय करावे?

उत्तर : प्रथम कर्जाचे पाहू, कारण ९ हा आकडा जितका सौम्य दिसतो तितका तो नाही. फ्लॅट दरात व्याज तीनही वर्षे मूळ १,८०,००० रुपयांवरच धरले जाते, तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी. त्यामुळे व्याज ४८,६०० रुपये आणि हप्ता ६,३५० रुपये होतो, म्हणजे घटत्या शिलकीच्या (फक्त फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या) हिशेबाने हा दर १६ टक्क्यांच्या पुढे जातो. एखाद्या बँकेने घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी हेच कर्ज दिले, तर हप्ता सुमारे ५,९०० रुपये बसेल आणि व्याजात १६,००० रुपयांच्या वर वाचतील. तरीही तुमच्या महिन्याच्या १२,००० रुपयांच्या शिलकीतले निम्मे पैसे तीन वर्षे एका हौसेच्या वाहनाकडे जातील, आणि तेही रोजच्या ये-जा करण्यासाठी स्कूटर हाताशी असताना.

आता वाहनाविषयी. व्ही-स्ट्रॉमचे इंजिन २४९ सीसीचे, वजन १६७ किलो आणि सीटची उंची ८३५ मिलिमीटर आहे. एक्सपल्सचे इंजिन सुमारे २०० सीसीचे, वजन १५९ किलो आणि सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल, पण तुमच्या उंचीच्या चालकाला दोन्हींवर पाय पूर्ण टेकवता येणार नाहीत, आणि घाटातल्या चढावर थांबून पुन्हा निघताना आठ किलोसुद्धा जाणवतात. महामार्गावर व्ही-स्ट्रॉम निःसंशय अधिक सुखाची आहे, आणि तिची ट्यूबलेस चाके पंक्चरच्या वेळी सोयीची ठरतात. वेल्ह्याच्या पुढच्या खडकाळ वाटेवर मात्र एक्सपल्सचे २१ इंची पुढचे चाक आणि आऱ्यांची (तारांची) चाके अधिक कामाची आहेत.

नव्या चालकाच्या हातून गाडी पहिल्या वर्षी उभ्या-उभ्या दोन-तीनदा आडवी होते. हे मी कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही, माझीही झाली होती. तेव्हा क्लच लीव्हर, इंडिकेटर, आरसा असले भाग मोडतात. विम्यात प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, आणि तो न कापणारे झिरो डेप्रिसिएशनचे कव्हर घेतले तरी दावा केल्यावर पहिल्या दावाविरहित वर्षाची २० टक्के नो क्लेम बोनसची सवलत हातची जाते. म्हणून असले खर्च बहुधा खिशातूनच होतात, आणि ते नव्या गाडीवर होताना मन अधिक खट्टू होते. शिवाय विम्याच्या कोष्टकात तीन वर्षांच्या गाडीची घोषित किंमत नवीपेक्षा ३० टक्क्यांनी कमी धरतात. तो घसारा तुमच्या सहकाऱ्याने आधीच सोसला आहे.

कुणी ३५० सीसीच्या पुढच्या गाडीचे सुचवले, तर सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरच्या १८ टक्क्यांऐवजी तिच्यावर ४० टक्के जीएसटी आहे आणि थर्ड पार्टी विम्याचा (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीसाठीचा) पाच वर्षांचा हप्ताही दुपटीच्या घरात जातो, हे लक्षात ठेवा. तुमच्या वापराला तिची गरज नाही.

माझे मत एक्सपल्सच्या बाजूने आहे, मात्र आज नव्हे. चार महिन्यांच्या खर्चाचे १,३६,००० रुपये कोणत्याही कारणाने हलवू नका. उरलेल्या १,०४,००० मध्ये दोन महिन्यांची बचत मिळवली की १,२८,००० होतात. सौदा १,०५,००० पर्यंत आणला, तर हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांसाठी १८,००० आणि हस्तांतरण व पहिल्या सर्व्हिसिंगसाठी ५,००० उरतात. तोवर पावसाचा जोरही ओसरेल. ताम्हिणीतल्या धुक्यात गिअर शिकणे मला तरी पटत नाही.

त्याआधी आपला परवाना काढून पाहा. तो गिअर नसलेल्या दुचाकीपुरता असेल, तर या गाडीसाठी चालत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडीवर कर्जाची नोंद असेल, तर बँकेकडून ना हरकत दाखला आणि ती नोंद काढण्याचा फॉर्म ३५ घ्या; मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावर विमा १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्या. सहकाऱ्याची नो क्लेम सवलत तुम्हाला मिळणार नाही. थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे तो अजून दोन वर्षे चालू असेल. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र दरवर्षी भरावा लागेल. ई-चलने थकलेली नाहीत ना, हेही पाहावे.

पैसे देण्यापूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून पुढच्या फोर्कमधून (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या नळ्यांतून) तेल गळते का, चाकांच्या आऱ्या सैल किंवा रिम वाकलेली आहे का, चेन-स्प्रॉकेट किती झिजले आहे, एवढे तपासून घ्या. सहकाऱ्याला तीन वर्षांत गाडी कुठे-कुठे नेली ते सहज विचारा. लेह-लडाखची हकिकत तो रंगवून सांगू लागला, तर सौद्यात आणखी दोन-तीन हजार कमी करायला जागा आहे असे समजा.