वाचकांचे प्रश्न : ड्रमविना लय

प्रश्न : पियानोवादक केनी बॅरन आणि बास (उभे, खर्जाचे तंतुवाद्य) वाजवणारे चार्ली हेडन यांचा ‘नाइट अँड द सिटी’ हा जॅझ अल्बम ऐकला. ड्रम नसताना लय कोण सांभाळतो?

उत्तर : सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘इरिडियम’ क्लबात श्रोत्यांसमोर मुद्रित झालेल्या या जुगलबंदीत (खरे तर हा शब्द येथे फार आक्रमक वाटतो) लय दोघांच्याही मनात चालू असते, हेडन खर्जातले मोजके स्वर छेडून ती उघड करतात आणि बॅरन यांचा डावा हात, बासशी टक्कर होऊ नये म्हणून, मंद्र पट्टीत शिरणे बहुधा टाळतो. बासचे एकलवादन सुरू झाले की पियानो विरळ होतो. तेव्हा बोटाखालून सुटणाऱ्या तारेचा लाकडी नाद हेडफोन लावून ऐकावा. तबल्याच्या ठेक्याला सरावलेल्या कानांना ही मोकळी जागा सुरुवातीला खटकते, हे मात्र मान्य.