एकानं काय होते?

बर्मिंगहॅमहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून इथे देते.

"आम्ही दोघंही मूळचे नागपूरचे. मागच्या वर्षी दिवाळीला आलो तेव्हा यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, गॅस्ट्रिक बायपास. १२८ किलोंवरून ८२ वर आले. शुगरची गोळी सुटली, रात्रीचं घोरणं थांबलं. सासरी फक्त सासूबाईंना खरं माहीत आहे, बाकी सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. आधी हे महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांसोबत बसायचे. आता सहा महिन्यांपासून रोज रात्री ग्लास भरला जातो. दोन घोटांत चेहरा बदलतो, जीभ जड होते. तासाभराने म्हणतात, 'बघ, उतरली.' या डिसेंबरात भाऊजींचं लग्न आहे. मामाजींसमोर, पाहुण्यांसमोर काही झालं तर? मी बोलले की म्हणतात, 'तू काय माझी पोलीस आहेस?' काय करू?"

ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझ्या धाकट्या भावाचा हात आठवला. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर आमच्या नात्यातलं लग्न होतं. भावाच्या बायपासला चौदा महिने झाले होते. चुलतभावांनी मागच्या बाजूला, जनरेटरच्या आडोशाला खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे त्याने दोन स्मॉल घेतले. जेवायच्या आधी हात धुवायला नळाशी गेला, तोटीवर हात ठेवला आणि तो हात घसरला. पाणी वाहत राहिलं आणि हा गुडघ्यांवर बसला. मी धरलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी त दोनच घेतले." तो खोटं बोलत नव्हता, दोनच घेतले होते. पण ते दोन त्याने जुन्या शरीराच्या हिशेबाने मोजले होते.

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर त्याच्यासोबत सर्जनकडे, आहारतज्ज्ञांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे किती तरी फेऱ्या मारल्या. तिथे जे समजून घेतलं तेच सांगते. तुमच्या यजमानांनाही हे वाचायला द्या, लपवून वाचू नका.

बायपासमध्ये जठराचा वरचा भाग कापून अंड्याएवढी लहान पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आपल्या जठरात दारू थोडा वेळ थांबते. जठराच्या अस्तरातली एन्झाइम्स तिचा काही भाग तिथेच मोडतात आणि उरलेली हळूहळू पुढे जाते. बायपासनंतर हा थांबाच राहत नाही. घोट खाली गेला की आतड्यात आणि तिथून रक्तात. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २०११ साली हे मोजून दाखवलं होतं. त्याच माणसांना ऑपरेशनआधी आणि नंतर एक-एक ग्लास रेड वाइन दिली आणि श्वासावरून रक्तातल्या दारूचं प्रमाण मोजलं. आधी ते ०.०२४ टक्क्यांपर्यंत चढलं होतं. ऑपरेशनला सहा महिने झाल्यावर तेवढ्याच एका ग्लासाने ०.०८८ वर गेलं. आणि पूर्ण उतरायलाही आधीपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून तासाभराने "उतरली" म्हणतात ते ऐकून निश्चिंत होऊ नका. डोकं हलकं वाटलं म्हणजे रक्त साफ झालं असं नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतच बायपास झालेल्या काही बायकांवर आणखी एक अभ्यास झाला. त्यांच्या रक्तात दारू पाचेक मिनिटांत शिगेला पोचली, ऑपरेशन न झालेल्यांना त्यासाठी पंचवीसेक मिनिटं लागली. दोन ड्रिंकचा परिणाम चार ड्रिंकएवढा झाला. स्लीव्ह, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद करण्याचं ऑपरेशन केलेल्यांनाही पूर्ण सूट नाही, त्यांच्यातही दारू लवकर चढल्याचं दिसलं आहे.

आता तुमच्या तिकडचा आणि आपल्या इकडचा पेग शेजारी ठेवून बघा. इंग्लंडच्या पबमधला सिंगल बहुतेक ठिकाणी २५ मिलिलिटरचा. आपला स्मॉल ३०, लार्ज ६०. तिकडची व्हिस्की साधारण ४० टक्क्यांची, आपली ४२.८. म्हणजे नागपुरातला एक लार्ज तिकडच्या अडीच सिंगलच्या वर जातो. हे बारमध्ये मापाने दिलं तर. लॉनच्या मागे मोठा चुलतभाऊ बाटली वाकडी करून ओततो तेव्हा ६० चे ९० कधी होतात हे त्यालाही कळत नाही. त्यावर बायपासचा दुप्पट परिणाम लावा. यजमान "एकच घेतला" म्हणतील आणि ते खरंही असेल.

गाडीचं तर बोलूच नका. इंग्लंडमध्ये गाडी चालवताना रक्ताची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८ टक्के. वर सांगितलेल्या एका वाइनच्या ग्लासाने बायपासवाला ती ओलांडू शकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात ३० मिलिग्रॅमच आहे. आणि तुम्हाला माहीतच आहे, वऱ्हाड वर्ध्याला जायचं असलं की काय होतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून बुटीबोरीच्या आधीच गाड्या थांबतात, डिक्की उघडते, चकण्याची पाकिटं फुटतात आणि मग तेच लोक पुन्हा स्टिअरिंगवर बसतात. यजमानांनी घोटभरही घेतली असेल तर त्या दिवशी किल्ली तुमच्या पर्समध्ये. यावर वाद घालायचा नाही. आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात कुणी कॅनमधून मोहाची किंवा आणखी काही आणली, तर तिच्या जवळपासही त्यांना जाऊ देऊ नका. तिच्यात काय आणि किती आहे हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पण ताई, मला तुमच्या पत्रातली लग्नापेक्षा जास्त काळजी वाटली ती "रोज रात्री" या दोन शब्दांची.

अमेरिकेतल्या दहा दवाखान्यांमधल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१२ साली आला. दारूच्या व्यसनाची लक्षणं ऑपरेशनआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांत होती, पहिल्या वर्षात ७.३ टक्के, म्हणजे जवळपास तेवढीच. दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाली. याच रुग्णांकडे पुढे बघितलं तेव्हा बायपासवाल्यांपैकी ज्यांना आधी त्रास नव्हता, त्यांच्यातल्या जवळपास पाचातल्या एकाला पाच वर्षांत तो सुरू झाला होता. पहिल्या वर्षी सगळे जपतात. प्रोटीन पावडर, बाळाचा चमचा, अर्धी वाटी वरण, डॉक्टरांचा फोन. दुसऱ्या वर्षी वजन उतरलेलं असतं, नवे शर्ट आलेले असतात, घरचे निर्धास्त होतात. धोका तिथून सुरू होतो. तुमचे यजमान आता नेमके तिथे आहेत.

त्या अभ्यासात कुणाला धोका जास्त हेही सांगितलं होतं. पुरुष, वयाने कमी, सिगारेट ओढणारे, आधीपासून पिणारे. आणि ज्यांना आपल्या माणसांत असल्यासारखं वाटत नाही ते. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. परदेशात कामावरून घरी आल्यावर, चार वाजताच अंधार पडलेल्या हिवाळ्यात, ज्या माणसाची संध्याकाळ आजवर ताटाभोवती फिरत होती, त्याचं ताटच लहान झालं. चार घासांत जेवण संपतं. आधी थकवा, चिडचिड, एकटेपणा सगळं तो जेवणात बुडवायचा. आता ती जागा रिकामी पडली आहे. माझ्या भावाने एकदा मला सांगितलं होतं, "ताई, सावजीचा रस्सा पुन्हा कधी पोटभर खाता येणार नाही हे मला कोणी मनापासून समजावून सांगितलंच नाही." तेव्हा मला त्याच्या ग्लासाचं कारण समजलं.

म्हणून तुम्ही पोलीस होऊ नका असं ते म्हणतात त्यातलं अर्धं मी मान्य करते. बाटल्या शोधणं, पेगांवर खुणा करणं, सगळ्यांसमोर टोकणं, याने माणूस चोरून प्यायला लागतो. सकाळी, ते पूर्ण शुद्धीत असताना, शांतपणे बोला. "तुम्ही पिता" असं सुरू न करता "मंगळवारी तुम्ही मुलाला काय बोललात ते तुम्हाला आठवत नाही, मला भीती वाटली" असं जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा. आणि मग विचारा, जेवण सुटल्यापासून तुम्हाला कसं वाटतं? हा प्रश्न बहुतेक घरांत कुणीच विचारलेला नसतो.

तिकडच्या जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, रोजच्या पिण्याचं खरं सांगा, आणि ऑपरेशन नागपुरात झालं हेही सांगा, कागदपत्रं दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 'ऑडिट' नावाची. ती दोघांनी मिळून भरा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. प्रमाण जास्त असेल तर रागाच्या भरात एका दिवसात सगळं बंद करवू नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय कापणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीत.

ऑपरेशननंतर निदान सहा महिने ते वर्षभर दारू अजिबात नको असं सर्जन सांगतात. त्यानंतर थोडी चालेल का, हा प्रश्न ज्याचं पिणं कधीच वाढलं नाही त्याच्यासाठी. तुमच्या घरी रोजचा ग्लास सुरू झाला आहे. माझं मत स्पष्ट आहे, यजमानांसाठी आकडा शून्य.

आता लग्नाकडे येते. तुमची खरी अडचण हर्निया आहे. पाहुण्यांना वाटतं, माणूस धडधाकट आहे, वजन उतरवलं, चेहरा उजळला, मग बसायला काय हरकत? "काऊन रे भाऊ, तिकडे गेला त आमच्यासंग बसत बी नाही आता?" "एकानं काय होते?" हा आपल्याकडचा आग्रह प्रेमाचा असतो, म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जातं. सगळ्या गावाला बायपास सांगा असं मी म्हणत नाही. पण निघण्याआधी फोनवरून दोन माणसांना खरं सांगा. एक नवरदेव भाऊजी, आणि दुसरा तो चुलतभाऊ जो बाटली ओततो. हो, त्यालाच. जो ओततो त्याने "याला नाही द्यायची, पोटाचं ऑपरेशन झालं आहे" म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. आमच्याकडे तेच झालं. पुढच्या लग्नात माझ्या भावाचा ग्लास त्याच चुलतभावाने मठ्ठ्याने भरला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मामाजींना सांगायचं की नाही हे यजमानांना ठरवू द्या.

हातात ग्लास रिकामा ठेवू नका, कुणी तरी भरतोच. मठ्ठा, साधं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी चालेल. सोडा आणि कोल्ड्रिंक नको, त्यातल्या गॅसने छोटी पिशवी दुखते. गोड सरबतं, मॉकटेलही नको. साखर एकदम आतड्यात उतरली की घाम फुटतो, धडधडतं, पोटात मुरडा येतो. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरात ढिगाने येतील. ज्यूसऐवजी फोडी द्या, पण पांढरा चोथा आणि साल काढून, नीट चावून. तो चोथा जोडणीपाशी गोळा होऊन अडकतो, असं ऑपरेशन झालेल्यांत घडतं. आणि जेवण व पिणं यांत अर्ध्या तासाचं अंतर.

एक गोष्ट सासूबाईंना आणि भाऊजींना जरूर समजावून ठेवा. बायपास झालेला माणूस अडखळतोय, बरळतोय, तर "चढली आहे, झोपू द्या" म्हणून खोलीत बंद करून येऊ नका. दारूने, त्यातही रिकाम्या पोटी, शुगर एकदम खाली जाऊ शकते आणि तेही दारू चढल्यासारखंच दिसतं. ग्लुकोमीटर सोबत आणा आणि बोट टोचून बघा. दुसरं, काही दिवस उलट्या होत असतील आणि मग चाल डगमगू लागली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणं विसंगत झालं, तर ते बी-वन म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण असू शकतं. मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तातडीच्या विभागात पोचताच पहिलं वाक्य हे बोला: "गॅस्ट्रिक बायपास झालेला आहे, दारू घेतली आहे, ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं बघा." हे इंग्रजीत कागदावर लिहून यजमानांच्या पाकिटात ठेवा. काळी शौच किंवा उलटीत रक्त आलं तरी थेट दवाखाना. जोडणीच्या जागी अल्सर होतो, आणि दारू, सिगारेट आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्याला वाढवतात. लग्नाच्या धावपळीत पाय दुखले म्हणून कुणी गोळी पुढे केली तर नाव बघितल्याशिवाय घेऊ देऊ नका.

आल्यावर हळदीच्या आधीचा एक दिवस मोकळा ठेवा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनची वेळ आताच फोन करून घ्या. बी-वन, बी-ट्वेल्व्ह, लोह, डी जीवनसत्त्व आणि लिव्हरच्या तपासण्यांसाठी रक्त एकाच दिवशी देता येतं, उपाशीपोटी यायचं का हे फोनवरच विचारून घ्या. रोजच्या ग्लासाबद्दल तिथे यजमानांनी स्वतःच्या तोंडाने सांगू दे. त्यांना शब्द सापडेनात तर बोलायला सुरुवात तुम्ही करून द्या, म्हणून केबिनमध्ये दोघंही सोबत जा. बाहेरच्या बाकावर थांबू नका.