शेजारच्या देशातल्या कारखान्याच्या धुराने पिकं गेली तर भरपाई मागता येते का?

हो, येते, पण आंतरराष्ट्रीय कायद्यात ती मागायची तुमच्या सरकारने, शेतकऱ्याने थेट नाही. याचा पाया ट्रेल स्मेल्टर खटल्यात आहे. कॅनडातल्या ट्रेल गावी शिसं आणि जस्त गाळणारा कारखाना होता. त्याचा सल्फर डायऑक्साइड कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून सरळ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उतरायचा आणि पिकं, झाडं करपवायचा. लवादाने १९३८ मध्ये कॅनडाला ७८,००० डॉलर भरायला लावले. १९४१ च्या अंतिम निवाड्यात तर कोणत्या हवामानात किती धूर सोडायचा याचेही नियम घालून दिले, आणि माझ्या मते खरी कमाई तीच. 'आपल्या भूमीवरून दुसऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही' हे सूत्र पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणावरच्या १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात २१ वं तत्त्व म्हणून आलं; १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ते मान्य केलं. मेख एवढीच की समोरच्या देशाची संमती नसेल तर लवाद बसतच नाही. ट्रेलमध्ये दोन्ही सरकारांनी १९३५ मध्ये तसा करार केला होता म्हणून जमलं. शिवाय नुकसान गंभीर हवं आणि पुरावा स्पष्ट. नुसता वास येतो म्हणून भागत नाही.