शिक्षकांना एवढ्या सुट्ट्या कशाला लागतात?

तुमची वहिनी शाळेत शिकवते, वर्षातले दोन-अडीच महिने घरी असते आणि तरी "दमले" म्हणते. बाकीच्या नोकरदारांना जमतं ते शिक्षकांना का जमू नये, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न खोचक आहे, पण गैर नाही. मी एकवीस वर्षं गणित शिकवतेय, आणि सुरुवातीला मलाही या सुट्ट्यांची लाज वाटायची. कोणी विषय काढला की मी घाईघाईने सांगायचे, "अहो, सुट्टीतही पेपर असतात!" असतातच. पहिला आठवडा निकालात जातो, शेवटचा पुढच्या नियोजनात. पण हल्ली मी हे कारण देत नाही. सुट्टीत काम असतं म्हणून सुट्टी हवी, असं म्हणणं म्हणजे सुट्टी नकोच म्हटल्यासारखं आहे.

आधी रजा आणि सुट्टी यातला फरक बघा. तुम्ही ऑफिसातून रजा घेता तेव्हा तुमचं काम टेबलावर पडून राहतं. ते उठून बाक वाजवत नाही. मी रजा घेते तेव्हा चाळीस मुलं वर्गात असतातच. कोणीतरी सहकारी स्वतःचा ऑफ तास घालवून तिथे जाऊन बसतो, आणि मी परत येते तेव्हा धडा जिथे सोडला तिथेच असतो, शिवाय वर्गाची बसलेली घडी मोडलेली असते. म्हणून निम्म्या तापात शाळेत येणारे शिक्षक तुम्हाला दिसतील. माझी एक दाढ सत्रभर ठणकत होती, ती मी सुट्टी लागल्यावर तिसऱ्या दिवशी काढली. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होता? काय सांगणार, पोर्शन संपवत होते. शाळा सगळ्यांसाठी एकदम बंद होते, तेव्हाच शिक्षकाला मागे काही न सोडता थांबता येतं. माझ्या लेखी सुट्टीचं खरं मोल हेच.

आता दमणं. फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली लिहिलं होतं की प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाची दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत वेळा देवाणघेवाण होते. आकडा वाचून बाहेरच्याला अतिशयोक्ती वाटेल, मला नाही वाटली. फळ्यावर उदाहरण मांडतानाचं एक मिनिट घ्या. एकाने मधेच उत्तर सांगितलं, ते बरोबर आहे पण रीत चुकली. मागे दोघांची पट्टीवरून ओढाताण चाललीय. एकीचा हात अर्धा वर आहे, म्हणजे तिला विचारायचंय पण धीर होत नाही. आणि एरवी बडबड करणारा आज गप्प आहे. यातलं कशाला लगेच हात घालायचा, कशाकडे काणाडोळा करायचा, हे बोलता बोलताच ठरवायचं. चूक झाली तर एखादं मूल आठवडाभर हात वर करत नाही. हे ओझं उचलण्याचं काम नव्हे हे खरं, पण संध्याकाळी घरी कोणी "जेवायला काय करायचं?" विचारलं तरी मला तो एक निर्णय नको असतो.

गळ्याचं वेगळंच. आयोवा आणि यूटा या अमेरिकन राज्यांत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी आवाजाची तक्रार झालेले शिक्षक सुमारे ५८ टक्के होते, तर इतर कामं करणारे सुमारे २९ टक्के. माझा आवाज एकदा इतका बसला की डॉक्टरांनी दोन आठवडे मौन सांगितलं. सत्र चालू असताना गणिताच्या बाईंनी मौन कसं पाळायचं?

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी १९९७ साली कारकुनी काम करणाऱ्यांचा अभ्यास केला. सुट्टीत त्यांचा शिणवटा उतरला, पण कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत होता तिथे आला. माझा अनुभवही असाच आहे. म्हणून निव्वळ विश्रांतीचंच बघायचं तर एक लांबलचक सुट्टी आणि मग महिनोन् महिने रेटा, यापेक्षा मधे मधे आठ-दहा दिवस मिळालेले मला चालतील.

मग लांब सुट्टी कशाला हवी? तर माझ्या अपूर्णांकांसाठी. १/४ मोठा की १/८ असं विचारलं की दरवर्षी बरीच मुलं १/८ म्हणतात, कारण ८ मोठे. दरवर्षी मी तेच पुन्हा समजावायचे आणि पुढे जायचे. वेळ मारून न्यायचे म्हणा ना. एका सुट्टीत, निकाल लागून गेल्यावर, रद्दीत द्यायच्या वह्या उगाच चाळत बसले होते. एका मुलीने चौकोनाचे तीन वेडेवाकडे भाग केले होते, त्यातला सगळ्यात लहान रंगवून खाली १/३ लिहिलं होतं. मीच त्यावर लाल फुली मारली होती. आणखी वह्या काढल्या, तर तीच चूक आठ-दहा ठिकाणी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी फळ्यावर आकृती नेहमी नीट, सारख्या भागांचीच काढत आले होते, त्यामुळे "समान भाग" हे शब्द मुलांच्या कानावरून जायचे, डोळ्यांना त्यांची गरजच पडायची नाही. पुढच्या वर्षी मी धडा चुकीच्या कापलेल्या आकृतींनी सुरू केला आणि "हा १/३ आहे का?" एवढंच विचारलं. वर्ग भांडायला उठला. मग कागदाची पट्टी घडी घालून आधी चार आणि मग आठ भाग केले, तेव्हा १/८ चा प्रश्न मला फारसा समजवावा लागला नाही.

त्या वह्या सत्र चालू असतानाही माझ्याच हातात होत्या. पण तेव्हा दोन तासांच्या मधे तीस वह्यांवर फुल्या मारायच्या होत्या. फुलीमागे काय आहे हे बघायला जो रिकामा, कोणी वाट बघत नसलेला वेळ लागतो, तो सत्रात मिळत नाही, आणि आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत निकालातच संपतो. सगळे शिक्षक सुट्टीत असं करतात असा माझा दावा नाही. मीही दरवर्षी करत नाही. काही सुट्ट्या नुसत्या झोपेत गेल्यात.

राहिला सुट्टीतल्या पगाराचा मुद्दा. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६६ सालच्या शिक्षकविषयक शिफारशीत पुरेशी, पूर्ण पगारी वार्षिक सुट्टी हा शिक्षकाचा हक्क म्हटलाय. (५ ऑक्टोबरचा जागतिक शिक्षक दिन त्याच शिफारशीची आठवण म्हणून असतो.) तरी अमेरिकेत अनेक शिक्षकांचा करार दहा महिन्यांचाच असतो, म्हणजे लांब सुट्टी पगारात धरलेलीच नसते.

आणि वहिनींना सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात "आता मोकळीच आहेस ना, मग जरा हे बघ" म्हणू नका. त्या चार दिवस घरात फारशा बोलल्या नाहीत, तर रागावल्या असंही समजू नका. मी तर त्या दिवसांत फोनसुद्धा उचलत नाही.