नवविवाहित ख्रिस्ती जोडप्याच्या कथेत दुःखानंतरची श्रद्धा खोटी वाटते, काय करावं?
विदर्भातल्या खेड्यातलं जोडपं, पहिलं मूल पोटातच गेलं आणि पुढच्याच पानावर ‘देवाची इच्छा’ म्हणून दोघं शांत! कथा इथेच पडते. आधी तक्रार येऊ द्या. बायबलमधलं स्तोत्र १३ बघा: ६ वचनांपैकी पहिली ४ गाऱ्हाणं आणि विनवणीची, भरवसा शेवटच्या दोनांतच. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. बायबलमधल्याच दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ ७ दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. तुमच्या कथेतल्या पाळकसाहेबांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) कमीच बोलू द्या.

कथेचा काळ पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर बांधा: जूनच्या पावसावर टोबणी (बी टोचून पेरणी), दिवाळीच्या आसपास वेचणी. घरात दुःख असलं तरी वेचायला जावंच लागतं. प्रार्थना तिथे, ओटीत कापूस भरताना होऊ द्या. शेवटी लगेच दुसरं बाळ मात्र देऊ नका, ती पळवाट आहे.