वित्तक्षेत्रात जायचे आहे : आधी एमबीए की आधी नोकरी?

प्रश्न : मी नाशिकमधील महाविद्यालयातून ६८ टक्के गुणांनी बी.कॉम. झाले असून माझे वय २२ आहे. वडील अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरीला आहेत आणि त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. धाकटा भाऊ बारावीत आहे. एका गृहकर्ज कंपनीच्या नाशिक शाखेत मला दरमहा २२ हजार रुपयांची नोकरी मिळत आहे. दुसरीकडे पुण्यातील एका खासगी संस्थेत एमबीए फायनान्सला प्रवेश मिळतो आहे. तेथील शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून १२ लाख रुपये होतात व ते कर्ज काढूनच उभे करावे लागतील. आई म्हणते, “एकदा नोकरीला लागलीस की शिक्षण सुटलेच म्हणून समज.” मामांचा आग्रह बँकांच्या परीक्षांचा आहे. मला स्वतःला ताळेबंद वाचायला मनापासून आवडते. मी काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : या वर्षी नोकरी स्वीकारावी आणि एमबीएचा विचार दोन-तीन वर्षांनी, याहून चांगल्या संस्थेसाठी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती पगाराविषयीची नाही.

तुम्हाला देऊ केलेले काम कर्ज विकण्याचे आहे की कर्जाची छाननी करण्याचे, हे नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या. हे दोन्ही विभाग अनेकदा एकाच शाखेत असतात आणि पदांची नावे इतकी मिळतीजुळती असतात की नवख्या उमेदवाराला फरक उमगत नाही. विक्रीच्या बाजूला महिन्याचे टार्गेट असते, बिल्डरांच्या कार्यालयांत आणि एजंटांकडे फेऱ्या असतात. ते कामही प्रतिष्ठेचे आहे, परंतु ताळेबंद वाचण्याची तुमची आवड तेथे फारशी उपयोगाला येणार नाही. म्हणून मी क्रेडिट मॅनेजरच्या हाताखाली असेन की सेल्स मॅनेजरच्या, माझ्यावर टार्गेट असेल का, आणि फाइलवरची शिफारस मी लिहायची का, एवढे नेमके विचारा. उत्तरे टाळली गेली, तर ते काम विक्रीचे आहे असे धरून चाला.

काम छाननीचे असेल, तर त्यातून काय शिकायला मिळते ते एका उदाहरणाने सांगतो. अंबडमध्ये चार लेथ टाकून मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क करणारा एक उद्योजक घरासाठी कर्ज मागायला येतो. त्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात उत्पन्न कमी दिसते, जीएसटीच्या विवरणपत्रांत उलाढाल बरी दिसते, आणि खरी परिस्थिती बारा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये ओळीओळीने वाचावी लागते. अर्जाच्या आधी दोन आठवडे खात्यात मोठी रक्कम जमा झाली आणि चार दिवसांत परत गेली, तर शिल्लक फुगवून दाखवण्याचा तो प्रयत्न असू शकतो. जुन्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला जातो आणि ४ तारखेपर्यंत खाते जवळपास रिकामे असते, मधल्या एका महिन्यात हप्ता परत गेल्याचा दंडही लागलेला आहे. अशा वेळी धंदा बुडीत आहे, की बिलांचे पैसे ९० दिवसांनी हाती पडत असल्यामुळे ही ओढाताण होते आहे, हे ठरवून तुम्हाला शिफारस लिहायची असते. निफाड किंवा दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची फाइल आली की प्रश्नच बदलतो, कारण त्याचे वर्षाचे बहुतेक उत्पन्न काढणीच्या दोन-तीन महिन्यांत येते आणि कर्जाचा हप्ता मात्र दरमहा द्यायचा असतो. ज्याने अशा फायली हाताळल्या आहेत, त्याला पुढे एमबीएच्या वर्गात खेळत्या भांडवलाचे (धंदा रोज चालवायला लागणाऱ्या पैशाचे) प्रकरण शिकताना प्रत्येक आकड्यामागचा माणूस दिसतो. केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्याला ते अवघड जाते.

आता कर्जाचे गणित. १२ लाख रुपये १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहाचा हप्ता सुमारे १९,९०० रुपये बसतो, आणि अभ्यासक्रमाच्या काळात साचणारे व्याज यात धरलेले नाही. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभरात सुरू होते. म्हणजे तुमचे हप्ते, भावाच्या पदवीचा खर्च आणि वडिलांची निवृत्ती हे सारे एकाच सुमारास येऊन ठेपेल. हा भार पेलायला हरकत नाही, पण ती पदवी एरवी बंद असलेले दार उघडणारी हवी. संस्थेच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. तुम्ही मध्यक पगार (पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधोमध येणारा) विचारा आणि फायनान्सच्या किती विद्यार्थ्यांना विक्रीची पदे मिळाली, तेही विचारा. बँका आणि वित्तकंपन्यांतील विक्रीची पदे बी.कॉम. झालेल्यांनाही मिळतात, त्यासाठी १२ लाखांचे कर्ज करू नये.

मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या संस्थेत किंवा एखाद्या नामवंत आयआयएममध्ये तुम्हाला प्रवेश मिळाला असता, तर मी याच्या उलट सल्ला दिला असता. गुंतवणूक बँका, मोठ्या कंपन्यांचे ट्रेझरी (कंपनीचा पैसा सांभाळणारे) विभाग आणि फंड कंपन्या नव्या माणसांची निवड प्रामुख्याने अशा मोजक्या संस्थांतून करतात, आणि नाशिकच्या शाखेतून तेथवर पोहोचण्याची वाट फार लांबची आहे.

तुमच्या आईची भीती मला रास्त वाटते. हातात पगार खेळू लागला की अभ्यास मागे पडतो, हे घरोघरी दिसते. त्यावर उपाय इतकाच की परीक्षेचे वर्ष आजच ठरवावे. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होते. पुढच्या वर्षीची कॅट आणि त्यापाठोपाठची राज्याची एमबीए सीईटी या दोन्ही द्याव्यात आणि पगारातील ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला काढावी. अनेक चांगल्या संस्था निवड करताना नोकरीच्या अनुभवाला गुण देतात, त्यामुळे ही वर्षे वाया जाणार नाहीत. नोकरी सांभाळून आपल्याच शहरातील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. करता येईल, पण अध्यापनाकडे वळायचे नसेल, तर निव्वळ नावापुढे पदवी असावी म्हणून ते करू नका. त्याऐवजी सीएफएची (आर्थिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) पहिली पातळी द्यावी, असे मी सुचवेन. तिचे शुल्क डॉलरमध्ये असल्याने जड वाटते, परंतु आर्थिक विश्लेषणाची आवड टिकाऊ आहे की नाही, हे त्या अभ्यासातून लवकर कळते.

मामांचे म्हणणेही टाकाऊ नाही. खुल्या प्रवर्गासाठी स्टेट बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेची वयोमर्यादा २१ ते ३० आणि इतर सरकारी बँकांसाठीच्या आयबीपीएस पीओची २० ते ३० अशी आहे, म्हणजे तो मार्ग तुम्हाला आणखी काही वर्षे खुला आहे. नोकरी सोडून केवळ त्या परीक्षांसाठी घरी बसणे मात्र मला मान्य नाही.

रुजू होण्यापूर्वी बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि नोटीसचा कालावधी वाचून घ्या. तीन महिन्यांची नोटीस असेल, तर एमबीएचा प्रवेश निश्चित होताच राजीनामा द्यावा लागेल, नाहीतर वर्ग सुरू होण्याच्या वेळी अडचण येईल.

प्रश्न : बी.कॉम.ला ५३ टक्के पडले. सीए इंटरला थेट बसता येईल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. वाणिज्य पदवीधराला थेट प्रवेशासाठी ५५ टक्के लागतात. फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देऊन पुढे इंटरला जाता येते, आणि एम.कॉम.ला ५५ टक्के मिळवले तर त्या आधारेही थेट प्रवेश मिळतो. मी फाउंडेशनचा मार्ग निवडेन : ही परीक्षा आता वर्षातून तीन वेळा होते, तर एम.कॉम.ला दोन वर्षे जातात. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, मात्र ती इंटरचे दोन्ही ग्रुप (विषयगट) उत्तीर्ण झाल्यावरच सुरू करता येते.