दीड वर्ष थकवा, केस गळणं, पायाला मुंग्या. रिपोर्टमध्ये टीएसएच कमी आणि आरडीडब्ल्यू जास्त, बाकी सगळं नॉर्मल. नेमकं काय समजायचं?

तुमचा प्रश्न वाचून माझीच जुनी फाईल कोणीतरी उघडून समोर ठेवलीय असं वाटलं. मी डॉक्टर नाही, तीन वर्षं या चक्रात फिरलेली पेशंट आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी एक सांगा, केसांसाठी कुठली गोळी चालू आहे का? बायोटिनवाली, म्हणजे बी गटातल्या एका व्हिटॅमिनची? माझी चालू होती, १० मिलिग्रॅमची, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, आणि शरीराला दिवसाला लागतं जेमतेम ३०. आता गंमत अशी की बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये थायरॉईडची टेस्ट बायोटिनच्याच चिकटपणावर चालते, त्यामुळे रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) खोटाच कमी दिसतो आणि टी३, टी४ (थायरॉईड स्वतः बनवतं ती हार्मोन्स) खोटेच जास्त. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. मला तर चक्क हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतंय, असं सांगून मोकळे झाले होते. पण त्यात धडधडतं, घाम फुटतो, वजन उतरतं, आणि मी मात्र सगळे पंखे बंद करून चादर गुंडाळून बसलेली, वजन आहे तिथेच! रिपोर्ट एक सांगतोय आणि अंग भलतंच सांगतंय हे कळत होतं, पण छापील आकड्यापुढे आपण गप्प बसतो ना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, अजून काय काय घेता? ती गोळी मी औषधात धरलीच नव्हती म्हणून कोणाला सांगितलीच नव्हती. चार दिवस बंद करून टेस्ट परत केली, टीएसएच अगदी नॉर्मल. पाच महिने गेले यात. आणि हो, गोळी चालू नसेल तर तुमचा कमी टीएसएच खरा असू शकतो, तेव्हा तो नीट तपासून घ्याच.

आता आरडीडब्ल्यू. याच्याकडे कोणी बघतच नाही, माझ्या चार रिपोर्टमध्ये तो लाल होता आणि चारही वेळा "त्याचं काही नसतं" हेच ऐकलं. लाल पेशींच्या आकारात एकमेकींत किती फरक आहे ते तो दाखवतो. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, बी१२ कमी पडलं की मोठ्या होतात, आणि दोन्ही एकदम कमी असलं तर? काही बारीक, काही मोठ्या, सरासरी काढली की एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, मस्त मधोमध. माझा ८८ होता (८० ते १०० नॉर्मल), हिमोग्लोबिन काठावर, म्हणून सगळे निवांत. आरडीडब्ल्यू तेवढा १७. मग फेरीटिन, म्हणजे शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारी टेस्ट, केलं तर ११ आलं, आणि लॅबच्या रेंजमध्ये तेही नॉर्मल छापलेलं! डब्ल्यूएचओ १५ च्या खाली लोह कमी म्हणतं आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचाराचा विचार करतात. उलट अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर फेरीटिन खोटं वर जातं, त्यामुळे सोबत सूज दाखवणारी सीआरपी टेस्ट केलेली बरी. बी१२ मात्र सरळ कमी आलं, मुंग्या त्याच्याच.

पण लोह आणि बी१२ दोन्ही एकदम का कमी, हा खरा प्रश्न होता. माझ्या बाबतीत उत्तर पोटात निघालं. शरीर स्वतःच्याच जठराच्या पेशींवर हल्ला करत होतं, ॲसिड बनत नाही म्हणून लोह शोषलं जात नाही, आणि बी१२ शोषायला लागणारं प्रथिनही त्याच पेशी बनवतात. अँटीबॉडीची टेस्ट आणि एंडोस्कोपीत बायोप्सी, मग नक्की झालं. तुमचं हेच असेल असं अजिबात नाही. सीलिएकमध्येही (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) होतं, पाळी जास्त जात असेल तर लोह कमी होतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी१२ उतरतं.

एक चूक करू नका, जी मी केली. टेस्टच्या आधी बी कॉम्प्लेक्स सुरू केलं की बी१२ चा आकडा वर दिसतो आणि माग पुसला जातो. नुसतं फॉलिक ॲसिड तर अजून वाईट, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मुंग्या वर चढायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, किंवा वजन आपोआप उतरणं, शौच काळी होणं, दम लागणं यातलं काही असेल तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, लगेच दाखवा.

आणि प्रत्येक लाल आकड्याला घाबरू पण नका. नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के, त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्के आहे. पण एकच आकडा प्रत्येक रिपोर्टमध्ये त्याच बाजूला बाहेर जात असेल तर तो योगायोग नाही. म्हणून जुने रिपोर्ट सगळे काढा, एका कागदावर तारखेप्रमाणे एमसीव्ही, आरडीडब्ल्यू, हिमोग्लोबिन, टीएसएच लिहा, शेजारी त्या महिन्यात काय त्रास होता आणि कुठल्या गोळ्या चालू होत्या ते, अगदी केसांच्या, ताकदीच्या, सगळ्या. माझ्या डॉक्टरांनी जाड फाईल बाजूला ठेवली आणि तो एक कागद दहा मिनिटं वाचला.

डॉक्टरांना विचारून फेरीटिन, सीआरपी आणि बी१२ करून घ्या, बी१२ काठावर आलं तर ते खरंच कमी पडतंय का हे दाखवणाऱ्या मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या टेस्टचं विचारा. टीएसएच परत कराल तेव्हा आकडा इथे कमेंटमध्ये टाका, आणि बायोटिन घेत असाल तर बंद करून किती दिवसांनी केली तेही लिहा.